मापावर बेतलेली लस



या आठवड्यात खरं तर पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं, ते लिहायचं ठरलं होतं. पुष्कळ जणींनी विचारलंही आहे. पण टपालात एक पत्र आलं आणि डाळी बाजूला ठेवाव्या लागल्या.

पत्र एका तालुक्याच्या गावाहून आलं आहे. लिहिणारी घरातली धाकटी सून. तिच्या थोरल्या जाऊबाईंचं, वय एक्कावन, चार महिन्यांपूर्वी स्तनातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आठ केमो सांगितल्या, त्यांतल्या चार झाल्या. केस गेले, तोंड आलं, पण बाई धीराच्या. अशात जाऊबाईंच्या भावाला मोबाईलवर निरोप आला, की कॅन्सरवर लस निघाली. त्यानं चौकशी केली आणि मोठ्या शहरातल्या एका दवाखान्याचा माणूस घरी येऊन चहा पिऊन गेला. म्हणाला, पेशंटच्याच रक्तापासून, फक्त त्या पेशंटसाठी लस बनवतो. दहा दिवसांत तयार. नऊ लाख रुपये, निम्मे आधी. आणि केमो थांबवा, कारण केमोनं प्रतिकारशक्ती मरते, मग लस अंगी लागत नाही. थोरल्या दिरांनी रस्त्याकडेचं अर्धा एकर काढायचं ठरवलं, पन्नास हजार देऊनही टाकले. पत्राच्या शेवटी ती लिहिते, "मी धाकटी, शिक्षण बारावी. मला घरात कोण विचारतं? पण पाचव्या केमोची तारीख पुढच्या बुधवारची आहे, म्हणून लिहिलं."

तारीख जवळ होती म्हणून त्या ताईंना मी त्याच दिवशी फोनवर गाठलं. तरी ते सगळं इथं सविस्तर मांडते, कारण याच निरोपाबद्दल विचारणारी आणखी तीन पत्रं माझ्या टेबलावर पडली आहेत. आणि ज्यांनी पत्र लिहिलं नाही त्यांच्या घरी तो निरोप पोचला नसेल, असं थोडंच आहे!

आधी एक सांगते. तो माणूस जे म्हणाला त्यातली एक गोष्ट थाप नाही. एकेका रुग्णाच्या मापानं बेतलेली कर्करोगावरची लस ही खरी वस्तू आहे. मोठमोठ्या प्रयोगशाळांत ती बनते, माणसांना दिली गेली आहे, आणि काही जणांना तिचा गुण आलेला आहे. म्हणूनच तर फसवणं सोपं जातं. निव्वळ खोटं आपण ओळखतो; खऱ्याला लावलेलं खोट्याचं ठिगळ दिसत नाही.

तेव्हा ही लस म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. अवघड नाही. ज्या बाईला स्वेटरचा नमुना वाचता येतो, तिला हे समजेलच.

आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत एक नमुना लिहिलेला असतो. दोन सुलट, एक उलट, अमुक ओळीला टाका घालवा, तसाच. पेशीची दुसरी पेशी होताना तो नमुना उतरवून घेतला जातो. उतरवताना कुठे एखादा टाका चुकतो. तंबाखूनं, उन्हातल्या अतिनील किरणांनी, कधी नुसत्या वयोमानानं. बहुतेक चुका शरीर उसवून दुरुस्त करतं. काही राहून जातात, आणि त्यांतल्या काही अशा असतात की पेशी थांबायचंच विसरते, वाढत राहते. तीच गाठ. त्या गाठीतल्या पेशींत चुकांचा एक संच असतो, आणि गंमत अशी (गंमत कसली म्हणा) की दोन बायकांना एकाच ठिकाणी एकाच नावाचा कर्करोग झाला, तरी त्यांच्या चुकांचे संच बहुतांशी निराळे असतात. तुमच्या जावेची गाठ आणि शेजारच्या काकूंची गाठ या आतून सख्ख्या बहिणी नव्हेत.

आता दुसरा भाग. आपल्या पेशी आपल्या आत काय काय तयार होतं, त्याचे बारीक तुकडे दारात मांडून ठेवतात. हळदीकुंकवाला तबक मांडतो ना, तसं. रक्तातल्या पहारेकरी पेशी, ज्यांना टी-पेशी म्हणतात, त्या दारोदार फिरून तबकात काय आहे ते बघतात. ओळखीचं असेल तर पुढं जातात. विषाणूचा तुकडा दिसला, तर त्या पेशीचा निकाल लावतात. कर्करोगाच्या पेशीच्या तबकातही तिच्या चुकलेल्या टाक्याचा तुकडा येऊ शकतो. तो नवा, शरीरानं कधी न पाहिलेला. टी-पेशीनं तो ओळखायला हवा. कधी ओळखतेही. पण पुष्कळदा फरक इतका बारीक असतो, की नजर चुकते. शिवाय गाठ हुशार असते. ती पहारेकऱ्याचा हात धरून त्याला गप्प बसवते.

हा हात सोडवायची औषधं आधी निघाली. अमेरिकेचे जेम्स अ‍ॅलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांनी टी-पेशींना लागलेला लगाम शोधून काढला. त्याबद्दल २०१८ साली दोघांना नोबेल मिळालं. पहिलं औषध अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झालं, पुढची दोन २०१४ मध्ये. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ साली, नव्वदी उलटल्यावर, त्वचेचा मेलॅनोमा नावाचा कर्करोग यकृतात आणि मेंदूत पसरलेला निघाला. ऑपरेशन, किरणोपचार आणि यांतलं एक औषध, असं मिळून त्या वर्षअखेरीला तपासणीत रोग दिसेनासा झाला. ते २०२४ च्या डिसेंबरात गेले, वयाच्या शंभराव्या वर्षी. अशी उदाहरणं ऐकली की आपलं मन लगेच आपल्या माणसाकडे धावतं. धावू द्या, पण हेही ध्यानात असू द्या, की या औषधांचा गुण सर्वांना येत नाही, निम्म्यांनाही येत नाही अशा कर्करोगांची यादी मोठी आहे. लगाम सुटला तरी काय शोधायचं हे पहारेकऱ्याला ठाऊक नसेल, तर तो फिरून फिरून परत येतो.

लशीचं काम इथं सुरू होतं. पहारेकऱ्याला चोराचा फोटो दाखवायचा.

फोटो काढायचा कसा, ते नीट वाचा. पत्र लिहिणाऱ्या ताईंचा सगळा प्रश्न इथंच सुटतो. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा घेतात. त्याच रुग्णाचं रक्तही घेतात. दोन्हींतला नमुना अक्षर न् अक्षर वाचतात आणि एकाशेजारी एक ठेवून ताडून पाहतात. रक्तात जे आहे ते त्या बाईचं जन्माचं. गाठीत आहे आणि रक्तात नाही, ते चुकलेलं. अशा चुका कधी मोजक्या, कधी शेकड्यांनी निघतात. मेलॅनोमात आणि विडी-सिगरेटच्या फुप्फुसाच्या कर्करोगात फार, स्तनाच्या कर्करोगात साधारणपणे बऱ्याच कमी. मग त्यांतल्या कुठल्या चुका त्या बाईच्या तबकात बसतील, हे संगणकावर हिशेब करून निवडतात. कारण तबकाचा आकारही माणसागणिक वेगळा. एकीच्या तबकात बसणारा तुकडा दुसरीच्या तबकातून घसरून पडतो. निवडलेल्या चुकांची लस बनवतात. कुणी दहा घेतं, कुणी वीस. एका कंपनीच्या लशीत चौतीसपर्यंत.

म्हणजे हा अगदी मापाचा ब्लाऊज. तयार कपड्यांच्या दुकानातला नव्हे. माप घेतल्याशिवाय बेतता येत नाही, आणि दुसरीला घालता येत नाही.

आता मला सांगा, त्या दवाखान्याच्या माणसानं गाठीचा तुकडा मागितला का? ताईंना मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. त्या म्हणाल्या, "नाही हो, नुसतं रक्त नेणार म्हणाले." ऑपरेशननंतर गाठ तपासायला जाते, तिथं ती मेणाच्या ठोकळ्यात जतन करून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात, आणि त्याचा क्रमांक तपासणीच्या कागदावर छापलेला असतो. त्या माणसानं ना ब्लॉक मागितला ना कागद पाहिला. माप न घेता ब्लाऊज शिवणारा शिंपी! रक्तातल्या पेशी काढून, बाहेर वाढवून परत देण्याचे निराळे प्रकार आहेत, पण "तिच्या गाठीतल्या चुकांवर बेतलेली लस" म्हणून कुणी नुसत्या रक्तावर पैसे मागत असेल, तर तिथंच उठावं.

आणि दहा दिवस? बोस्टन-न्यूयॉर्कच्या इस्पितळांत, पैशांची ददात नसताना, या लशीला आठवडेच्या आठवडे लागले. स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या चाचणीत ऑपरेशनपासून पहिल्या टोचणीपर्यंत सुमारे नऊ आठवडे गेले, कारण गाठीचे तुकडे न्यूयॉर्कहून विमानानं जर्मनीत माइन्त्सला जात, तिथं लस बने आणि परत येई.

या माइन्त्सच्या मंडळींबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, नाही तर चुटपुट लागेल. उगुर शाहीन आणि ओझलेम तुरेजी हे नवराबायको, दोघेही डॉक्टर, दोघांचे आईवडील तुर्कस्तानातून जर्मनीत गेलेले. उगुरचे वडील कोलोनला मोटारींच्या कारखान्यात कामगार होते. २००२ साली या दोघांचं लग्न झालं, तेव्हा लग्नाच्या दिवशीसुद्धा ती प्रयोगशाळेत जाऊन आली. (आपल्याकडे सासूबाईंनी काय म्हटलं असतं, ते सोडा.) २००८ साली त्यांनी बायोएनटेक ही कंपनी काढली, ती कर्करोगासाठीच. करोनाची साथ आली तेव्हा २०२० मध्ये तीच विद्या त्यांनी तिकडे वळवली, आणि जगाला त्यांचं नाव कळलं.

ती विद्या म्हणजे एमआरएनए. सोप्या भाषेत, नमुन्याची नक्कल केलेली चिठ्ठी. चिठ्ठी पेशीत गेली की पेशी त्याप्रमाणे तुकडा विणते, दारात मांडते आणि चिठ्ठी विरून जाते. ही चिठ्ठी शरीराला सोसेल अशी करण्याचं श्रेय कातालिन कारिको यांना. हंगेरीतल्या एका खाटकाची मुलगी. १९८५ साली नवरा आणि दोन वर्षांची लेक घेऊन अमेरिकेला निघाली, तेव्हा देशातून पैसे बाहेर न्यायची बंदी. गाडी विकून आलेले नऊशे पौंड तिनं लेकीच्या कापसाच्या अस्वलात शिवून टाकले. पुढे दहा वर्षांनी विद्यापीठानं तिच्या कामाला अनुदान मिळत नाही म्हणून तिला खालच्या पदावर उतरवलं. ती राहिली, काम करत राहिली, ड्रू वाइसमन यांच्याबरोबर २००५ साली तिनं तो शोध छापला, आणि २०२३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अस्वल घेऊन गेलेल्या त्या लेकीनं मध्यंतरी नौकानयनात ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं आणली होती.

आता लशीचा गुण किती, ते आकड्यांत बघू. आकडे कंटाळवाणे असतात, पण नऊ लाख देण्याआधी नऊ आकडे वाचायला हरकत नाही.

२०१७ साली बोस्टनच्या कॅथरीन वू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलॅनोमाच्या सहा रुग्णांना अशी लस दिली. दोन वर्षांनंतर चौघांचा रोग परतलेला नव्हता. दोघांचा परतला, त्यांना वर सांगितलेलं लगाम सोडवणारं औषध दिल्यावर तो दिसेनासा झाला. त्याच वर्षी माइन्त्सच्या गटानं तेरा रुग्णांवरचा आपला अनुभव छापला. सहा आणि तेरा. एका पंगतीत बसतील एवढी माणसं. पुढे १५७ जणांची चाचणी झाली. सगळ्यांचा मेलॅनोमा ऑपरेशननं काढलेला, पण परतायची भीती मोठी. सगळ्यांनाच लगाम सोडवणारं औषध दिलं आणि त्यांतल्या १०७ जणांना वर मापाची लस. दीड वर्षानं पाहिलं तर लस मिळालेल्यांत शंभरातल्या ७९ जणांचा रोग परतला नव्हता, न मिळालेल्यांत शंभरातल्या ६२ जणांचा. फरक चांगला आहे. तीन वर्षांनंतरही तो टिकून असल्याचं २०२४ मध्ये जाहीर झालं. पण बघा, लशीविनाही ६२ जणांचा परतला नव्हता, आणि लस घेऊनही २१ जणांचं व्हायचं ते झालं. म्हणून तर २०२३ मध्ये हजारावर रुग्णांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरू करावी लागली.

स्वादुपिंडाचा कर्करोग सगळ्यांत वाईट. त्यावर न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग इस्पितळातले सर्जन विनोद बालचंद्रन यांनी ऑपरेशननंतर सोळा जणांना लस दिली. आठ जणांच्या टी-पेशी जाग्या झाल्या, आठ जणांच्या नाहीत. २०२५ मध्ये, तीन वर्षांहून जास्त काळ लोटल्यावर पाहिलं, तर जाग्या झालेल्या आठांपैकी सहा जणांना रोग परतलेला नव्हता. दुसऱ्या आठांपैकी सात जणांचा परतला होता. ही बातमी वाचून मी स्वतः दोन दिवस आनंदात होते. तरी ती आठ माणसं आहेत. आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर अशाच धर्तीची लस करणाऱ्या एका अमेरिकन कंपनीला चाचणीत ठोस फायदा दाखवता आला नाही. २०२४ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. ही बातमी मात्र मोबाईलवर कुणी पुढं धाडली नाही.

या स्वादुपिंडाच्या चाचणीतलीच एक गोष्ट मी ताईंना सांगितली, ती तुम्हीही ध्यानात ठेवा. त्या रुग्णांना लस आधी दिली, आणि मग महिनोन्‌महिने कडक केमो दिली. लशीनं तयार झालेल्या टी-पेशी केमोतूनही टिकल्या. तेव्हा "केमो थांबवा, नाही तर लस लागू होणार नाही" हे कुठून आलं? स्तनाच्या एका विशिष्ट प्रकारच्या कर्करोगात तर प्रतिकारशक्ती जागवणारं औषध केमोबरोबरच देतात, अमेरिकेत २०२१ पासून ते मंजूर आहे. केमोनं पांढऱ्या पेशी तात्पुरत्या घटतात, हे खरं. पण जी केमो ठरलेल्या तारखांना पुरी केली तर रोग परतण्याचा धोका कमी होतो हे वर्षानुवर्षं हजारो बायकांवर पडताळून पाहिलेलं आहे, ती अर्ध्यात सोडून जे कुणी मोजलेलंच नाही त्याच्यामागं जायचं? नऊ लाख गेले तर पुन्हा उभे करता येतील एखाद वेळ. पाचवी केमो चुकली तर तिचं नुकसान शेत विकूनही भरून यायचं नाही.

मग त्या मोबाईलवरच्या निरोपाचं काय? तो असा जन्मला. २०२४ च्या डिसेंबरात रशियातल्या एका सरकारी वैद्यकीय केंद्राच्या प्रमुखांनी रेडिओवर सांगितलं, की आम्ही एमआरएनएची लस तयार केली आहे आणि २०२५ पासून रुग्णांना ती फुकट देऊ. तेव्हा माणसांवरच्या चाचणीचे आकडे छापून आलेले नव्हते. आणि तीही ज्यांना रोग झालेला आहे त्यांच्या उपचारासाठीच होती. आपल्याकडे येईपर्यंत त्याचं "कॅन्सरवर लस निघाली, आता कॅन्सर होणारच नाही" असं झालं.

लस हा शब्दच इथं घोटाळा करतो. लस म्हणजे रोग होऊ नये म्हणून टोचायची, हे आपण देवीच्या काळापासून शिकलो. ही तशी नव्हे. गाठ झाल्याशिवाय हिचं मापच निघत नाही. रोग होऊ नये म्हणून घ्यायची एक लस मात्र आहे, गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगासाठी, आणि ती पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं २०२३ मध्ये बाजारात आणली. ती नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना दोन डोसांत देतात. घरात त्या वयाची लेक किंवा पुतणी असेल तर आपल्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा. तिकडे पैसे खर्चायला माझी ना नाही.

आपल्याकडे काहीच होत नाही, असंही समजू नका. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मिळून रक्ताच्या काही कर्करोगांवर रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत द्यायचा उपचार काढला, त्याला २०२३ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचा आरंभ झाला. परदेशात ज्याला कोटींत पैसे पडतात, ते इथं सुमारे चाळीस लाखांत. चाळीस लाख हे आपल्याला स्वस्त नव्हेच, पण उतार लागला हे महत्त्वाचं. आणि मला त्याहून कौतुक वाटतं ते दुसऱ्या एका कामाचं. टाटाच्याच डॉक्टरांनी तोंडा-घशाच्या कर्करोगात, जिथं रोग फार पुढं गेलेला होता, तिथं ते महागडं लगाम सोडवणारं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, दर खेपेला वीस मिलिग्रॅम, साध्या गोळ्यांच्या केमोबरोबर देऊन पाहिलं. चाचणीत १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं शंभरात सोळा जण हयात होते, औषध जोडल्यावर त्रेचाळीस. काटकसर कशाला म्हणतात ते यांना विचारावं!

पण गाठीतल्या चुका वाचून बेतलेली ही एमआरएनए लस आपल्याकडे कुठल्या दवाखान्यात पैसे टाकून विकत मिळत नाही. ती मिळते ती चाचणीत. आणि चाचणीची खूण अगदी सोपी आहे: तिथं औषधाचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. सहमतीचा कागद तुमच्या भाषेत वाचायला देतात, त्याची प्रत देतात, आणि काही अपाय झाला तर उपचाराची जबाबदारी घेतात. आपल्या देशात प्रत्येक चाचणीची नोंद सरकारी नोंदवहीत करावी लागते, २००९ पासून सक्तीनं. ती कुणालाही इंटरनेटवर बघता येते. क्रमांक मागा. क्रमांक विचारल्यावर समोरचा हसला किंवा रागावला, तर तुमचं उत्तर मिळालं.

आता राहिला तो प्रश्न, जो ताईंनी अर्ध्या ओळीत लिहिला आणि मला सगळ्यांत जास्त टोचला. धाकट्या सुनेचं कोण ऐकतं?

थोरल्या दिरांसमोर "तुम्ही फसताय" म्हणून काही होणार नाही. माणूस बायकोसाठी शेत विकायला निघतो, तेव्हा त्याला ते प्रेमाचं माप वाटत असतं. त्याला अडवणारी मग घरात कंजूष ठरते. म्हणून मी त्यांना सुचवलं, की अडवू नका, विचारा. "भाऊजी, आपल्या केमोच्या डॉक्टरांना हा कागद दाखवून घेऊ या का? त्यांनी हो म्हटलं तर मीही माझ्या बांगड्या देते." बांगड्या द्याव्या लागणार नाहीत, याची मला खात्री होती. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या. तिथं गेल्यावर सुचत नाही. गाठीचा प्रकार कोणता, प्रतिकारशक्तीचं औषध या प्रकाराला लागू पडतं का, हिच्याजोगी कुठं चाचणी चालू आहे का. डॉक्टरांवर भरवसा नसेल तर दुसऱ्याचं मत घ्या, त्यात कुणाचा अपमान नाही. टाटाशी जोडलेली इस्पितळं आता देशभर आहेत, तीनशेवर. आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत केमोचा, ऑपरेशनचा, किरणोपचाराचा खर्च बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे आधी बघा. शेताचा विचार त्यानंतर.

आणखी एक विचारलं मी त्यांना. जाऊबाईंना स्वतःला काय हवंय? फोनवर जरा वेळ कुणी बोललं नाही. मग त्या म्हणाल्या, "त्यांना कुणी विचारलंच नाही हो."

सोमवारी रात्री पुन्हा फोन आला. भांडी घासताना दोघीच असताना त्यांनी विचारलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "मला आठच्या आठ पुऱ्या करायच्यात. चार झाल्यात की. आणि ते शेत पोराचं आहे." नवऱ्यासमोर इतके दिवस त्या बोलल्या नव्हत्या, कारण त्याला वाईट वाटेल. डॉक्टरांनी कागद बघून काय सांगितलं, ते मी लिहायला नकोच. बुधवारी पाचवी केमो झाली. जाऊबाईंचा भाऊ रुसून बसला आहे. पन्नास हजार अजून परत आलेले नाहीत. पावती साध्या चिठ्ठीवर होती. ती चिठ्ठी जपून ठेवा आणि ग्राहक मंचाकडे जा, असं मी सांगितलं आहे. काय होतं ते कळवीनच.

ताज्या कलमात ताईंनी विचारलं आहे, की केमोनंतर जाऊबाईंना भाताचा, फोडणीचा वास सोसत नाही, खायला काय द्यावं. गरम अन्नाला वास जास्त येतो, म्हणून चार-पाच दिवस अन्न निववून द्या. घरचं, झाकून ठेवलेलं, त्याच दिवसाचं. दहीभातासाठी दही ताज्या तापवलेल्या दुधाचं लावा. मऊ खिचडी, नाचणीची पेज, मुगाचं धिरडं, पूर्ण शिजलेलं अंडं खात असतील तर तेही. एकदम ताटभर नको, दर दोन-अडीच तासांनी वाटीभर. तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, कडक भाकरी बाजूला. कोमट मीठपाण्याच्या गुळण्या दिवसातून चार-पाच वेळा. कच्ची कोशिंबीर आणि बाहेरचा रस टाळा, फळ सोलून द्या. फोडणी देताना त्यांना पुढच्या खोलीत बसवा. आणि घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा. केमोच्या काळात ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला, तर रात्र असो की सण, क्रोसीन देऊन सकाळची वाट बघायची नाही. थेट रुग्णालय गाठायचं.

डाळींच्या किडीचं पुढच्या अंकात नक्की.